वाशी ते खारघर : सोन्याचे कण, प्रकाश आणि रोगाचा माग

वाशीच्या सेक्टर २० मध्ये अणुऊर्जा विभागाचं एक संकुल आहे. मसाला मार्केटमधल्या काही व्यापाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं, कारण २००० सालापासून तिथे गॅमा किरणांनी मसाल्यांतले जंतू आणि कीड मारली जाते. पण याच संकुलातून आणखी एक, आकाराने अगदी लहान माल देशभरच्या प्रयोगशाळांत जात आला आहे. तो म्हणजे थायरॉइड तपासणीचे टी-३, टी-४ आणि टीएसएचचे संच. ते बनवणारी संस्था म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, सगळ्यांच्या तोंडी 'ब्रिट'. ती १९८९ मध्ये स्थापन झाली. नवी मुंबईत रोगाचा माग काढण्याचं शास्त्र कुठून सुरू झालं असं कुणी विचारलं, तर बोट पहिल्यांदा याच संकुलाकडे दाखवावं लागेल.

रोग अंगात मुरायला लागला की त्याची खूण रक्तात, लघवीत, लाळेत किंवा पेशींत उमटते. कधी ते एखादं प्रथिन असतं, कधी संप्रेरक. या खुणेला आता सगळेच बायोमार्कर म्हणतात. अडचण असते ती तिच्या प्रमाणाची. प्रोस्टेटसाठी पाहतात तो पीएसए रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये ४ नॅनोग्रॅमच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढीशी गोष्ट मोजायची कशी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ अनुत्तरित होता.

उत्तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सापडलं. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्यासाठी स्पर्धाच लावली. रुग्णाच्या रक्तातलं साधं इन्सुलिन आणि किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन मोजक्या प्रतिपिंडांसमोर ठेवायचं. साधं जास्त असेल तर ते जागा बळकावतं आणि किरणोत्सारी भाग मोकळा राहतो. प्रतिपिंडांना चिकटलेल्या भागातला किरणोत्सार मोजला की रक्तात इन्सुलिन किती, हे उलट्या हिशेबाने कळतं. १९६० मध्ये ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध झाली. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. १९७७ मध्ये यॅलोंना नोबेल मिळालं तेव्हा बर्सन हयात नव्हते.

भारतात ही पद्धत रुजायला खाडीपलीकडचं ट्रॉम्बे कारणीभूत ठरलं. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि समस्थानिकं देशातच तयार होऊ लागली. १९६३ मध्ये परळला विकिरण औषधी केंद्र उभं राहिलं. पुढे सिडकोने १९७० पासून नवं शहर वसवायला घेतलं, १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला, आणि वाशी ट्रॉम्बेच्या समोरची नुसती किनारपट्टी न राहता तिथल्या कामाचा विस्तार झाली. संचांतल्या किरणोत्सारी आयोडीन-१२५ चं आयुष्य मात्र मोजकं. साठेक दिवसांत त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. संच बनला की घड्याळ सुरू. शिवाय किरणोत्सार मोजायला खास यंत्र, हाताळायला परवाना आणि प्रशिक्षित माणसं हवीत. तालुक्याच्या दवाखान्यात, उपकेंद्रात, आशाताईंच्या पिशवीत हे तंत्र कधीच मावणार नव्हतं. तिथे जाईल अशी खूण हवी होती: न विझणारी आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. ती सोन्यात मिळाली.

सोन्याचा हा गुण मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. सोन्याच्या क्षाराचं द्रावण फॉस्फरसने क्षपित केलं की पिवळं सोनं दिसतच नाही. बाटलीत माणकासारखं लालभडक पाणी उरतं. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट स्पष्ट दिसते, म्हणजे पाण्यात अतिसूक्ष्म कण तरंगत आहेत हे फॅरडेने ओळखलं. त्याने केलेली द्रावणं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवली आहेत. रंगाचं गणित १९०८ मध्ये जर्मनीच्या गुस्ताव मीने सोडवलं. १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल रिशार्ड झिगमोंडींना मिळालं, ते अशाच कलिली द्रावणांवरच्या कामासाठी.

तेरा ते वीस नॅनोमीटरचा सोन्याचा कण घ्या. केसाच्या जाडीत असे हजारो कण मावतील. प्रकाश त्यावर पडला की वाऱ्यावर भाताचं शेत डोलावं तसे पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका लयीत झुलतात. हे झुलणं ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतं, म्हणून द्रावण लाल दिसतं. कण एकमेकांना चिकटले की लय बदलते आणि लाल रंग जांभळा-निळा होतो. रंग बदलला म्हणजे कणांच्या अंगावर काहीतरी घडलं, एवढं साधं सूत्र आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत चॅड मर्किन यांच्या गटाने सोन्याच्या कणांवर डीएनएचे धागे बसवले. जोडीदार धागा भेटला की कण गोळा होऊन रंग पालटतो, हे त्यांनी दाखवलं, आणि आनुवंशिक खूण रंगाने ओळखण्याचा रस्ता खुला झाला.

असे कण बनवायला फार मोठी सामग्री लागत नाही. टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये सांगितलेली कृती आजही पदव्युत्तर विद्यार्थी करतात. क्लोरोऑरिक आम्लाचं विरळ द्रावण उकळायचं, त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं आणि थांबायचं. फिकट पिवळं पाणी आधी रंगहीन होतं, मग करडं-जांभळट, आणि काही मिनिटांत द्राक्षारसासारखं लाल. काचेच्या भांड्याला जरा जरी मळ राहिला तरी सगळं वाया जातं, म्हणून भांडी आम्लराजात धुऊन घेतात. सोन्याला विरघळवणारं ते एक आम्लमिश्रण, तेच इथे सोनं बनवायच्या आधीची साफसफाई करतं.

पुण्याने या कामात मोलाची भर घातली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सस्त्री यांच्या गटाने नव्या शतकाच्या सुरुवातीला बुरशीकडून सोन्या-चांदीचे नॅनोकण करवून घेतले. पुढे त्यांनी चक्क गवती चहाचा अर्क वापरला. आपल्या परसात उगवणाऱ्या त्या पातीच्या अर्कात सोन्याचा क्षार टाकल्यावर गोल कणांऐवजी पातळ त्रिकोणी पत्रे तयार झाले. २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात हे काम आलं. आकार त्रिकोणी झाला की कण डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश शोषू लागतात. माणसाच्या मांसातून सर्वात खोल जाणारा प्रकाशही तोच, म्हणून वैद्यकाच्या दृष्टीने या त्रिकोणांचं महत्त्व जास्त.

पण सोन्याचं सर्वात पसरलेलं वैद्यकीय रूप फार साधं आहे, आणि ते बहुतेक मराठी घरांत येऊन गेलेलं आहे. गर्भधारणा तपासण्याची पट्टी. आशा कार्यकर्त्या सरकारी योजनेत 'निश्चय' नावाचे संच वाटतात, औषधांच्या दुकानातही अशा पट्ट्या मिळतात. एका टोकाला लघवीचे काही थेंब टाकायचे. थेंब कागदातून पुढे सरकताना वाटेत वाळवून ठेवलेले कण उचलतात. बऱ्याच पट्ट्यांत हे कण सोन्याचे असतात, सुमारे चाळीस नॅनोमीटरचे, अंगावर एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक ओळखणारे प्रतिपिंड घेतलेले. लघवीत एचसीजी असेल तर कण त्याला धरतात. पुढच्या रेषेवर दुसरे प्रतिपिंड दबा धरून बसलेले असतात, ते त्या जोडीला अडवतात. हजारो कण एका जागी साचले की गुलाबी-लाल रेष उमटते. त्याच्याही पुढची दुसरी रेष फक्त पट्टी चालू आहे एवढंच सांगते. यंत्र नाही, वीज नाही, किरणोत्सार नाही. मलेरियाच्या झटपट तपासण्याही याच तत्त्वावर चालतात. पुण्याच्या मायलॅबच्या 'कोव्हीसेल्फ' संचाला मे २०२१ मध्ये आयसीएमआरने घरच्या घरी वापरायला मान्यता दिली, तेव्हा याच घराण्यातली पट्टी लाखो लोकांनी स्वतःच्या हाताने वापरली.

पट्टीला मर्यादा आहे. ती आहे-नाही एवढंच सांगते, आणि बहुधा एका वेळी एकाच खुणेचा शोध घेते. खूण फारच थोडी असेल तर रेष उमटतच नाही. कॅन्सरची सुरुवात ओळखायची तर त्याहून बारीक नजर लागते. ती नजर ज्या शोधाने दिली त्याची एक वाट मुंबईच्या बंदरातून गेलेली आहे.

सप्टेंबर १९२१. इंग्लंडहून परतणारी 'एस. एस. नरकुंडा' ही आगबोट मुंबई बंदरात लागली. तिच्यावर कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन होते. समुद्र निळा का दिसतो, आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून की पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात म्हणून, हा प्रश्न प्रवासभर त्यांच्या डोक्यात होता. जवळ खिशातला एक वर्णपटदर्शक आणि निकोल प्रिझम. बोट बंदरात असतानाच त्यांनी 'नेचर'साठी टिपण लिहिलं आणि त्याखाली मुंबई बंदराचा पत्ता व २६ सप्टेंबर ही तारीख घातली. ज्या पाण्याचा एक हात आजच्या वाशीपर्यंत येतो, त्याच पाण्यावरून हे टिपण पाठवलं गेलं.

सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, रामन आणि के. एस. कृष्णन यांना कलकत्त्यात तो परिणाम सापडला. रेणूवर प्रकाश पडला की बहुतेक प्रकाश आहे त्या रंगाचाच विखुरतो. एखाद्या कोटी किरणकणांपैकी जेमतेम एक मात्र रेणूशी ऊर्जेची देवघेव करून किंचित वेगळ्या रंगाचा होतो. ही देवघेव रेणूच्या कंपनावर अवलंबून असते. त्यामुळे चरबी, प्रथिन, डीएनए असा प्रत्येक घटक वर्णपटावर आपापल्या जागी शिखरं उमटवतो. १९३० मध्ये रामनना नोबेल मिळालं. त्यानंतर बराच काळ हे तंत्र जीवशास्त्राच्या हाती आलं नाही, कारण कोटीत एक हे प्रमाण फारच क्षीण होतं आणि मांसाच्या स्वतःच्या चमकण्यात तो संकेत बुडून जायचा.

धातू इथेच मदतीला आला. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा रामन संकेत घेतला आणि तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरला. खडबडीत पृष्ठभागावर जास्त रेणू बसले असतील, असा त्यांचा समज होता. १९७७ मध्ये व्हॅन डाइन आणि जीनमेर यांनी, आणि स्वतंत्रपणे अल्ब्रेख्ट व क्रायटन यांनी हिशेब मांडला. वाढ लाखाच्या घरात होती. एवढी वाढ नुसत्या क्षेत्रफळाने होणं शक्य नव्हतं. धातूच्या पृष्ठभागावर झुलणारे इलेक्ट्रॉन प्रकाशाचं क्षेत्र एकवटतात आणि जवळच्या रेणूचा क्षीण संकेत मोठा करतात. १९९७ मध्ये हे तंत्र एकेका रेणूपर्यंत पोहोचलं. शरीराच्या खुणा शोधायला चांदीपेक्षा सोनं बरं, कारण ते लवकर गंजत नाही आणि प्रतिपिंड त्यावर नीट बसतात.

इतकी बारीक नजर महाराष्ट्रात कशासाठी हवी, याचं उत्तर परळला फार आधी लिहून ठेवलेलं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ ला, रामन परिणामाला बरोबर तेरा वर्षं झाली त्या दिवशी. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांकडे आली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या मुखाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा 'कॅन्सर रिसर्च'मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी माणसाच्या राहणीच्या सवयी आणि कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा लेख लिहिला. १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. पुण्याच्या कमल रणदिवे याच संस्थेत घडल्या आणि त्यांनी इथे देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

मग गावोगावचा पुरावा आला. टीआयएफआरमध्ये फली मेहता यांनी १९६६ मध्ये दंतसंशोधनाचा विभाग काढला. त्यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. हातात आरसा, विजेरी आणि नोंदीचा कागद. मिश्री लावणाऱ्या बायका, चुना-तंबाखू मळणारे पुरुष, गालाच्या आतले पांढरे चट्टे, सगळं नोंदलं गेलं. १९७२ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या चमूतले प्रकाश गुप्ता यांनी पुढे हीलिस ही सार्वजनिक आरोग्याची संस्था काढली, तीही नवी मुंबईतच. माझ्या मते या साऱ्या कथेतलं सर्वात मोठं काम हेच आहे. लेझर नसताना, सोन्याचे कण नसताना, लाखभर माणसांना तोंड उघडायला लावून पाहणं. कॅन्सरच्या आधी चट्टा येतो आणि तो वेळेत दिसू शकतो, हे त्या पाहणीने पक्कं केलं.

चट्टा दिसला तरी पंचाईत संपत नाही. शंभरातले बरेचसे चट्टे निरुपद्रवी राहतात, काही उलटतात. कोणता उलटेल हे सांगायला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तुकडा काढायचा म्हटलं की माणूस घाबरतो आणि पुन्हा फिरकत नाही.

तुकडा न काढता चट्टा तपासायचा प्रयत्न खारघरला झाला. खानोलकरांचं केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था झालं आणि २००२ मध्ये परळहून तिथे आलं. साठ एकरांचा परिसर, नाव ॲक्ट्रेक. वाशीहून पनवेल लोकल पकडली की खारघर स्टेशन सहावं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून मणिपालला गेलेल्या व्ही. बी. कर्था यांच्यासोबत लेझर वर्णपटशास्त्रावर काम केलेले चिलकपाटी मुरली कृष्णा इथे आले आणि त्यांनी रामन प्रयोगशाळा उभी केली. पहिलं काम कापून काढलेल्या ऊतींवर झालं. मग रुग्णाच्या तोंडात.

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. पेनाएवढी एक नळी, आत प्रकाशतंतू. ७८५ नॅनोमीटरचा लेझर, कारण या रंगात ऊती स्वतः कमी चमकतात. नळीचं टोक गालाच्या आतल्या अस्तराला टेकवायचं, काही सेकंद थांबायचं, पुन्हा थोडं बाजूला. दुखत नाही, रक्त येत नाही. संगणकावर वर्णपट उमटतो. निरोगी अस्तरात चरबीची शिखरं ठळक असतात, गाठीत ती खाली जातात आणि प्रथिनांची, डीएनएची शिखरं वर येतात. टाटा मेमोरियलचे पंकज चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांसोबत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०४ जणांच्या तोंडातून असे वर्णपट घेतले गेले: कॅन्सरची जागा, कॅन्सरपूर्व चट्टा, आणि दुसऱ्या बाजूचा चांगला दिसणारा गाल. २०१३ च्या अभ्यासाने त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली. तंबाखू खाणाऱ्याच्या डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या अस्तराचा वर्णपटही व्यसन नसलेल्याच्या वर्णपटाहून वेगळा पडत होता. रोग एका ठिपक्यापुरता नसतो, सगळा गाल आतून बदलत असतो. त्याच वर्षी या गटाने रुग्णाच्या रक्तातल्या सीरमचा रामन वर्णपट घेऊन मुखाचा कॅन्सर ओळखता येईल का, याचाही शोध सुरू केला.

खारघरच्या या तोंडातल्या तपासणीत सोन्याचे कण नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. ती नुसत्या प्रकाशाची तपासणी होती. सोनं आणि रामन एकत्र आणण्याचं काम देशात इतर ठिकाणी पुढे गेलं. ट्रॉम्बेत भाभा केंद्राच्या विकिरण व प्रकाशरसायन विभागाने सोन्या-चांदीच्या कणांवर वेगवेगळे रेणू कसे बसतात, हे रामन वर्णपटाने तपासलं. पुण्याच्या आयसरमध्ये जी. व्ही. पवनकुमार यांचा गट धातूच्या अशा रचनांवर प्रकाशाला कसं वळवावं, हे पाहतो. तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत कौस्तभ मैती यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या पॅप स्मिअरमधल्या पेशींवर सोन्याच्या कणांच्या मदतीने रामन वर्णपट घेतले.

हे सगळं अजून दवाखान्यात का पोहोचलं नाही, याची कारणं शास्त्रज्ञ मोकळेपणी सांगतात. सोन्याच्या एका खेपेतले कण दुसऱ्या खेपेसारखे निघत नाहीत आणि संकेताची वाढ कणांमधल्या फटींवर ठरते. लाळेत आणि रक्तात टाकल्यावर प्रथिनांचा थर सोन्यावर बसतो आणि खरी खूण झाकली जाते. एका यंत्राचा वर्णपट दुसऱ्या यंत्राशी जुळवावा लागतो. शेकडो रुग्णांवर दिसलेलं यश हजारो निरोगी लोकांमध्येही टिकतं का, हे पाहावं लागतं. यातल्या कुठल्याही कामाला बातमीत जागा मिळत नाही, आणि खरी गरज नेमकी याच कामाला पैसा आणि माणसं देण्याची आहे.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरीही तंबाखू सुटलेली नाही. म्हणून वाशीच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या, मावा-खैनी खाणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे: गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर सोन्याच्या कणांची वाट पाहू नका. जवळच्या महापालिका रुग्णालयातल्या दंतविभागात जा आणि तोंड तपासून घ्या.